थायरॉइड आणि ग्लूटेन: जास्त म्हणजे कुणापेक्षा जास्त?

प्रबंधाचा विषय शोधणारी मंडळी माझ्याकडे जे विषय घेऊन येतात, त्यात एक ठरलेला असतो: ‘ऑटोइम्यून थायरॉइडच्या रुग्णांमध्ये सिलिअ‍ॅक डिसीजचं प्रमाण’. कधी उलटा येतो, म्हणजे सिलिअ‍ॅकच्या रुग्णांमध्ये थायरॉइड किती. ओपीडीत रुग्ण मिळतात, रक्ताची तपासणी करता येते, शंभरेक सॅम्पल जमले की टक्केवारी काढायची आणि ‘प्रमाण लक्षणीय आढळले’ असं लिहायचं. विषय वाईट नाही. पण या विषयावरचे गाजलेले पेपर मी एकामागोमाग एक वाचले तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांचा जीव एकाच जागी अडकलेला आहे. ‘जास्त’ हा शब्द सगळे वापरतात. कुणापेक्षा जास्त, हे प्रत्येक जण आपापल्या सोयीने ठरवतो.

आधी ओळख करून घेऊ. सिलिअ‍ॅकमध्ये गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा उलटते. हाशिमोतो आजारात तीच यंत्रणा थायरॉइड ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू थकते. ग्रेव्हजमध्ये ग्रंथी उलट जास्त काम करायला लागते. दोन अवयवांचा एकमेकांशी वरकरणी काही संबंध नाही. आतून मात्र आहे. सिलिअ‍ॅकला लागणारे डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ हे एचएलए जनुकांचे प्रकार आणि थायरॉइडचे ऑटोइम्यून आजार यांच्यात थोडी भाऊबंदकी आहे, सीटीएलए-४ सारखं जनुक दोन्हीकडे दिसतं. त्यामुळे दोन्ही आजार एकाच माणसात दिसणं नवल नाही. वाद आहे तो किती आणि का, यावर.

सुरुवात १९९४ च्या एका छोट्या, नेटक्या पेपरपासून करू. फिनलंडमध्ये कोलिन आणि सहकाऱ्यांनी ऑटोइम्यून थायरॉइडचे ८३ रुग्ण तपासले. चौघांना सिलिअ‍ॅक होता, म्हणजे ४.८ टक्के. तुलनेसाठी वय आणि लिंग जुळवून २४९ रक्तदाते घेतले. त्यांच्यात एक निघाला, ०.४ टक्के. थायरॉइडचा बिगर-ऑटोइम्यून आजार असलेले २५ जणही तपासले, त्यांच्यात कुणी नाही.

‘बारा पट!’ असं म्हणून तुम्ही पुढे जाल, म्हणून जरा थांबवते. चौघांपैकी एकाचं निदान आधीच झालेलं होतं, चाचणीतून नवे सापडले ते तीनच. ४.८ टक्क्यांभोवतीचा ९५ टक्के विश्वासांतर १.३ ते ११.९ आहे. म्हणजे खरं प्रमाण दीड टक्क्याच्या आत असू शकतं आणि बारा टक्क्यांच्या जवळही. हे लपवलेलं नाही, पेपरच्या सारांशातच छापलंय, आणि म्हणूनच हा पेपर मला आवडतो. पुढच्यांनी तो वापरताना ४.८ तेवढं उचललं, कंस तिथेच सोडला. आणखी एक: रक्तदाता हा मुळात निवडलेला, तब्येतीने बरा माणूस. ज्याला सिलिअ‍ॅकमुळे वर्षानुवर्षं रक्त कमी आहे, तो रक्तपेढीच्या दारातूनच परत जातो. म्हणजे तुलनेच्या गटातून आपण नकळत तेच रुग्ण गाळले, ज्यांना मोजायचं होतं. २५ पैकी शून्य या आकड्यातूनही फार काही हाती लागत नाही. खरं प्रमाण चार-पाच टक्के असतं तरी २५ जणांत एकही न सापडणं सहज शक्य आहे.

आता मोठ्या आकड्यांकडे. स्वीडनमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या प्रत्येकाची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यातून एल्फस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सिलिअ‍ॅकचे १४,०२१ रुग्ण आणि सर्वसामान्य लोकांतले ६८,०६८ जण घेतले आणि पुढे कुणाला थायरॉइड होतो ते पाहिलं. थायरॉइड मंदावण्याचा धोका सिलिअ‍ॅकवाल्यांमध्ये ४.४ पट. थायरॉइड वाढण्याचा २.९ पट.

इथे बर्कसनची आठवण काढायला हवी. मेयो क्लिनिकच्या जोसेफ बर्कसनने १९४६ मध्ये दाखवलं की रुग्णालयात बसून दोन आजारांचा संबंध शोधलात तर संबंध नसतानाही तो दिसू शकतो. त्याचं उदाहरण मधुमेह आणि पित्ताशयाची सूज यांचं होतं. कारण साधं आहे: एकच आजार असलेल्यापेक्षा दोन असलेला माणूस दवाखान्यात पोचण्याची शक्यता जास्त. शिवाय एकदा दवाखान्यात पाऊल पडलं की सुई टोचली जाते, सुई टोचली की टीएसएच होतो, आणि टीएसएच केला की काहीतरी निघतं. घरी बसलेल्या शेजाऱ्याचाही थायरॉइड मंद असेल, त्याला कुणी विचारलेलंच नाही.

स्वीडिश लेखकांनी ही शंका स्वतःच घेतली. त्यांनी तुलनेचा गट बदलला: सर्वसामान्य लोकांऐवजी रुग्णालयात कधीतरी दाखल झालेलेच लोक घेतले. ४.४ चा आकडा ३.४ वर उतरला. थोडक्यात, तुलना कुणाशी हे बदललं आणि धोक्याचा एक पूर्ण पट गळून पडला. मात्र उरलेला ३.४ गळला नाही, आणि थायरॉइड वाढण्याचा आकडा तर २.९ वरून ३.१ झाला. म्हणजे सगळंच डोळ्यांचा भ्रम आहे असं म्हणून मोकळं होता येत नाही. संबंध आहे. पेपर वाचताना मूळ निकालानंतरचं असं विश्लेषण दिसलं की ते दोनदा वाचा. बऱ्याचदा लेखकांचा खरा प्रामाणिकपणा तिथे असतो, आणि बातम्यांत तो कधीच येत नाही.

पण माझं खरं भांडण ज्या पेपरशी आहे तो १९९९ चा, व्हेंच्युरा आणि सहकाऱ्यांचा, ‘गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’ या नामांकित जर्नलमधला. इटलीतला अभ्यास. ‘ग्लूटेन जितकी वर्षं खाल तितके ऑटोइम्यून आजार वाढतील’ असं कुठेही वाचलंत, तर त्या वाक्याचा माग काढत गेल्यावर बहुतेक वेळा तुम्ही याच पेपरपाशी पोचाल.

त्यांनी सिलिअ‍ॅकचे ९०९ रुग्ण, १,२६८ निरोगी लोक आणि क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या आजाराचे १६३ रुग्ण घेतले. थायरॉइडसकट सगळे ऑटोइम्यून आजार मोजले. सिलिअ‍ॅकमध्ये १४ टक्के, निरोग्यांमध्ये २.८ टक्के. मग सिलिअ‍ॅकच्या रुग्णांचे निदानाच्या वयानुसार तीन भाग केले. दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांमध्ये ५.१ टक्के, दोन ते दहामध्ये १७, दहानंतर २३.६. पायऱ्या कशा सुबक आहेत बघा. निदान उशिरा म्हणजे ग्लूटेन जास्त वर्षं पोटात, म्हणजे आजार जास्त. लेखकांनी हाच अर्थ लावला, आणि संख्याशास्त्रीय मॉडेलमध्येही निदानाचं वय हाच एकमेव ठळक घटक ठरला.

आकडे खोटे नाहीत. प्रश्न असा, की ‘निदानाचं वय’ हे ‘किती वर्षं ग्लूटेन खाल्लं’ याचं माप म्हणून धरता येतं का? दीड वर्षाच्या बाळाचं निदान होतं ते जुलाब, फुगलेलं पोट, न वाढणारं वजन यावरून. आई-बाबा त्याला घेऊन डॉक्टरकडे धावतात. पंधराव्या वर्षी निदान होणारा मुलगा तसा नसतो. त्याला पोटाची तक्रारच नसेल. मग त्याची सिलिअ‍ॅकची तपासणी कुणी आणि का केली? अनेकदा उत्तर असं असतं: त्याला आधीच टाइप-१ मधुमेह किंवा थायरॉइडचा आजार होता, म्हणून केली. अशा वेळी दुसरा आजार हा उशिरा निदान झाल्याचा परिणाम उरत नाही. दुसरा आजार होता म्हणूनच त्या वयात निदान झालं. घोडा गाडीच्या मागे जुंपला गेला आहे आणि तक्त्यात ते दिसत नाही, कारण तक्त्यात फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोन रकाने आहेत, कुठला आजार आधी आला याचा रकाना नाही.

दुसरी अडचण त्याहून गमतीची. क्रोन्सचे १६३ रुग्ण आठवतात? त्यांच्यात ऑटोइम्यून आजारांचं प्रमाण १२.९ टक्के होतं. सिलिअ‍ॅकच्या १४ टक्क्यांपेक्षा फार वेगळं नाही, आणि लेखकांनीही तसंच लिहिलंय. क्रोन्स काही ग्लूटेनने होत नाही. मग ग्लूटेनच्या संबंधाशिवाय तिथे जवळपास तेवढाच आकडा कसा? कदाचित सुजलेलं आतडं, मग सूज कशानेही असो, हे कारण असेल. कदाचित तज्ज्ञाच्या दवाखान्यात वारंवार रक्त तपासलं जाणं हे असेल. तुलनेचा सगळ्यात मोलाचा गट लेखकांनी स्वतः उभा केला, आणि चर्चेचा सगळा भर मात्र त्या तीन पायऱ्यांवर राहिला.

आता ज्या वाचकांना मी इतका वेळ पटत आले असेन, त्यांनी माझ्यावरही उलट प्रश्न टाकायला हवा. या गटांची वयं सारखी होती का? नव्हती. सिलिअ‍ॅकवाले सरासरी १६ वर्षांचे, निरोगी जवळपास २१ चे, क्रोन्सचे जवळपास २९ चे. ऑटोइम्यून आजार वयाबरोबर साचत जातात. म्हणजे क्रोन्सवाल्यांना आजार गोळा करायला तेरा वर्षं जास्त मिळाली, आणि तरीही ते सिलिअ‍ॅकवाल्यांच्या फक्त बरोबरीला आले. या हिशोबाने व्हेंच्युरांची बाजू थोडी सावरते. त्यामुळे ‘क्रोन्समुळे पेपर पडला’ असं मी म्हणणार नाही. या तुलनेतून ग्लूटेनच्या बाजूने किंवा विरुद्ध ठाम काही निघत नाही, एवढंच म्हणेन.

ज्या प्रौढांमध्ये हा प्रश्न पुन्हा तपासला गेला, तिथे पायऱ्या सापडल्या नाहीत. २००१ मध्ये इटलीतल्याच सातेन्या-ग्विदेत्तींच्या गटाला ग्लूटेन खाल्ल्याच्या वर्षांचा आणि ऑटोइम्यून आजारांच्या धोक्याचा मेळ दिसला नाही. तरीही इंटरनेटवर १९९९ च जिंकलेलं आहे. सुबक आकृती असलेला पेपर म्हातारा होत नाही.

स्वीडिश पेपरमधली एक ओळ इथे परत आणते, कारण मुलाखतीत विचारण्याजोगा प्रश्न तिच्यात आहे. लहानपणी सिलिअ‍ॅकचं निदान झालेल्यांमध्ये थायरॉइड मंदावण्याचा सापेक्ष धोका ६.० पट होता, सगळ्यांच्या सरासरीपेक्षा जास्त. व्हेंच्युरा म्हणतात लवकर निदान म्हणजे कमी आजार, स्वीडन म्हणतं लवकर निदान म्हणजे जास्त पट धोका. कोण खोटं? कुणीच नाही. मुलांमध्ये थायरॉइडचा आजार मुळातच दुर्मीळ, भागाकारातला खालचा आकडा बारीक, म्हणून भागाकार मोठा. टक्केवारी आणि पट या दोन वेगळ्या भाषा आहेत. पेपर कुठल्या भाषेत बोलतोय हे न बघता दोन पेपर शेजारी ठेवलेत तर भांडण नसताना भांडण दिसेल.

मेटा-अ‍ॅनालिसिसबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात फार आदर असतो. पुराव्याच्या पिरॅमिडचं टोक ना! २०१६ मध्ये रॉय आणि सहकाऱ्यांनी ऑटोइम्यून थायरॉइडच्या ६,०२४ रुग्णांचा एकत्र हिशोब मांडला. बायोप्सीने सिद्ध झालेला सिलिअ‍ॅक १.६ टक्के, म्हणजे बासष्टात एक. कुठे ४.८ आणि कुठे १.६. आता त्याच पेपरमधले उपगट बघा. फक्त मुलांच्या अभ्यासांत ६.२ टक्के. फक्त प्रौढांच्या अभ्यासांत २.७. आणि दोन्ही मिसळलेल्या अभ्यासांत? १.०. दूध आणि पाणी मिसळल्यावर मिश्रण पाण्यापेक्षाही पातळ झालं! मुलं आणि प्रौढ एकत्र केले तर उत्तर २.७ आणि ६.२ च्या मध्ये कुठेतरी यायला हवं. ते येत नाही याचा अर्थ या अभ्यासांमध्ये वयाखेरीज बरंच काही वेगळं आहे: देश, चाचणी, रुग्ण कुठून घेतले, पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जण एंडोस्कोपीला तयार झाले. जो बायोप्सीला नाही म्हणाला तो अंशातून गेला, छेदात राहिला. अभ्यासाभ्यासांतली विसंगती मोजणारा आय-स्क्वेअर हा आकडा ७०.७ टक्के आहे, म्हणजे १.६ ही बऱ्यापैकी वेगवेगळ्या गोष्टींची सरासरी आहे.

आणि या १.६ वरून लेखक सुचवतात की थायरॉइडच्या रुग्णांची सिलिअ‍ॅकसाठी तपासणी व्हावी. युरोपातल्या सर्वसामान्य लोकांमध्येच सिलिअ‍ॅक शंभरात एकाच्या आसपास आहे. १.६ विरुद्ध १. फरक असेलही, पण प्रत्येकाची तपासणी करण्याइतका? मला हा निष्कर्ष आकड्यांच्या पुढे धावलेला वाटतो. मुलांमध्ये मात्र ६.२ टक्के दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत, तिथे मी त्यांच्या बाजूची आहे.

हे सगळं युरोप-अमेरिकेचं झालं. तुम्ही अभ्यास करणार इथे, तेव्हा तुमचा छेद वेगळा. भारतातल्या आठ शहरांमध्ये (त्यात मुंबई आणि गोवाही होते) प्रौढांचा थायरॉइडसाठी सर्व्हे झाला, तो २०१३ मध्ये छापून आला. थायरॉइड मंद असलेले १०.९५ टक्के. आणि थायरॉइडविरुद्धच्या टीपीओ अँटीबॉडी असलेले २१.८५ टक्के. पाचात एक! आता समजा तुम्ही सिलिअ‍ॅकचे १५० प्रौढ रुग्ण घेतलेत आणि त्यातल्या ३३ जणांमध्ये टीपीओ पॉझिटिव्ह निघाला. बावीस टक्के. प्रबंधात तो आकडा भारदस्त दिसेल. पण तो रस्त्यावरून १५० माणसं उचलून आणली असतीत तरी साधारण तेवढाच आला असता. कंट्रोल ग्रुप नसलेला असा प्रबंध शंभर पानांचा असला तरी त्यात काहीच सांगितलेलं नसतं.

सिलिअ‍ॅकच्या बाजूचा छेद तर आणखी फसवा. रामकृष्ण आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात सिलिअ‍ॅकच्या अँटीबॉडी उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांमध्ये सापडल्या. जनुकांची पार्श्वभूमी तिन्हीकडे फारशी वेगळी नव्हती, गव्हाचं खाणं मात्र फार वेगळं होतं. पश्चिम भारत त्यात नाहीच. आता पुण्या-नागपुरातल्या पोळी, भात, भाकरी सगळंच खाणाऱ्या माणसासाठी तुम्ही कुठला आकडा धरणार? पंजाबी पेपरमधला उचलून पुढे गेलात, तर गाइड नाही पण बाहेरचा परीक्षक नक्की पकडेल.

शंभर रुग्णांचा हिशोबही करून टाकू. खरं प्रमाण १.६ टक्के धरलं तर शंभरात एकही रुग्ण न सापडण्याची शक्यता सुमारे २० टक्के. म्हणजे पाच विद्यार्थ्यांनी हाच प्रबंध केला तर एकाच्या वाट्याला शून्य येणार, आणि तो लिहिणार की आपल्याकडे संबंध नाही. १ आणि २ टक्क्यांतला फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात साधारण २,३०० माणसं लागतात. तीन वर्षांच्या एमडीत ते जमत नाही. मग तो प्रश्न विचारायचाच कशाला?

एवढं सगळं म्हणूनही हा विषय टाकून द्या असं मी म्हणणार नाही, कारण दवाखान्यात या संबंधाने खरंच कुणाचं तरी नुकसान होत असतं. सकाळी उपाशीपोटी नियमाने गोळी घेणारी बाई, थायरॉक्सिन पंचाहत्तरवरून शंभर, शंभरवरून दीडशे, तरी टीएसएच उतरत नाही. प्रत्येक भेटीत तिलाच बोलणी बसतात: गोळ्या चुकवता का? चहाबरोबर घेता का? गोळी लहान आतड्यात शोषली जाते, आणि तिथलं अस्तरच सिलिअ‍ॅकने सपाट झालं असेल तर ती घेऊनही पोचत नाही. इटलीतल्या विरिली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हेच पाहिलं: हाशिमोतोबरोबर पोटाच्या ठळक तक्रारी नसलेला सिलिअ‍ॅक असणाऱ्यांना थायरॉक्सिन साधारण दीडपट लागत होतं, आणि ग्लूटेन बंद केल्यावर गरज खाली आली. प्रश्न नेमका, तुलना नेमकी, आणि उत्तराने रुग्णाच्या हातातली चिठ्ठी बदलते.

याच्या उलट टोकाला ‘थायरॉइड आहे ना, मग गहू सोडा’ हा सल्ला. सिलिअ‍ॅक नसतानाचा. त्याच्या बाजूने २०१९ चा एक पोलिश पेपर दाखवतात: हाशिमोतो असलेल्या ३४ स्त्रिया, दोन गट, सहा महिने. ग्लूटेन सोडलेल्यांमध्ये अँटीबॉडी उतरल्या, टीएसएच आणि हॉर्मोन जिथल्या तिथे. शीर्षकातच प्राथमिक अभ्यास असल्याचं लिहिलंय. त्यावर घरातली पोळी बंद करण्यात एक छुपा तोटाही आहे: आधी गहू सोडला आणि नंतर सिलिअ‍ॅकची तपासणी केली तर अँटीबॉडी उतरलेल्या असतात, अस्तर भरून यायला लागलेलं असतं, आणि खरा रुग्ण असला तरी रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. निदान हुकतं ते कायमचं, किंवा पुन्हा काही आठवडे मुद्दाम गहू खायला लावून ते करावं लागतं.

म्हणून विषय घेऊन येणाऱ्यांना मी सध्या एक वेगळा प्रश्न सुचवते. वजनाच्या मानाने थायरॉक्सिनचा डोस जास्त असूनही टीएसएच न उतरणारे रुग्ण एका बाजूला, आणि त्याच ओपीडीतले, त्याच वयाचे, नेहमीच्या डोसवर स्थिर असलेले दुसऱ्या बाजूला. दोघांचीही टीटीजी चाचणी, सोबत एकूण आयजीए, कारण ज्याच्यात आयजीएच कमी आहे त्याची टीटीजी खोटी निगेटिव्ह येते. कुठला आजार कधी कळला याचा रकाना पहिल्या दिवसापासून. गहू आधीच सोडलाय का, हा प्रश्न रक्त घेण्याच्या आधी. आणि बायोप्सीला किती जण नाही म्हणाले ते तक्त्यात वेगळं. एवढं लिहून आणलंत की सॅम्पल साइझ काढायला आपण बसू.